माल्थेच्या वर्षाची हवा

फ्रीझरनं सकाळीच मान टाकली. आज शुक्रवार, आणि कोपनहेगनात दुरुस्तीवाला सोमवारशिवाय फिरकेल तर शपथ. बोडिलनं मटार, मासे शेजारणीला देऊन टाकले. उरली ती बर्फाची काळी पिशवी, चारी बाजूंनी चिकटवलेली.

नवरा एस्बेन ग्रीनलंडच्या छावणीवर बर्फात खोल भोकं पाडायचा. ती इथल्या प्रयोगशाळेत त्या बर्फात अडकलेली जुनी हवा मोजायची. पिशवी त्यानंच आणली होती. "माल्थेच्या वर्षाची आहे," एवढंच म्हणाला. माल्थे त्यांचा मुलगा, चौथ्या वर्षीच गेलेला. तो श्वास घेत होता तेव्हाची हवा घरात आहे, एवढ्या आधारावर तिनं कितीतरी वर्षं काढली. उघडली तर हवा जाणार, म्हणून कधी हात लावला नाही. गेल्या हिवाळ्यात एस्बेनही गेला.

आता बर्फ वितळणारच होता. मग निदान ऐकावी तरी. छावणीवर शनिवारच्या जेवणाला खोलवरच्या बर्फाचे उरलेले जुने तुकडे पेल्यात टाकतात. हवा तडतडत सुटते आणि बडबडे गडीसुद्धा गप्प होतात. तिनं पेल्यात पाणी घेतलं, पिशवी कापली, एक तुकडा टाकला.

पांढराफटक, भुसभुशीत तुकडा. मुकाट भिजला.

 जन्मभर जेवताना हेच तर घोकलं होतं तिनं. "अरे, वरचा बर्फ भुसभुशीत, हवा आत-बाहेर करते. खूप खाली दबला की मगच कोंडते. त्या वर्षीचा बर्फ म्हणजे त्या वर्षीची हवा नव्हे." आणि एस्बेन पावावर हेरिंग मासा रचत म्हणायचा, "बरं बाई. तू हवा सांभाळ, मी भोकं सांभाळतो."

गड्यानं खंदक खणून, वरचे थर मोजून त्या वर्षी पडलेला बर्फच उचलून आणला होता.

"कान होते की तीही भोकंच?" ती समोरच्या त्याच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली. भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. तिला रडू फुटलं.

मग सवयीनं डोकं चाललं. या बर्फात हवा कोणती असेल? पिशवी बंद केली तेव्हाची. त्या अरुंद खंदकात एस्बेन एकटाच, वाकून, पिशवीच्या तोंडाशीच धापा टाकत ती चिकटवत असणार.

तिनं झटकन पिशवीचं कापलेलं तोंड मुठीत आवळलं. आता काही उपयोग नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? बर्फाचं पाणी झालं, तरी तिला मूठ सोडवेना.