शुभदृष्टी, तोतनच्या बाजूने

इलिश माशाचा डोळा, अकरा सेकंद.

शेवग्याच्या झाडात अडकलेला ड्रोन. खाली बांबू घेऊन त्याला हुसकणारे तीन मामा.

विड्याची दोन पानं, एकही भोक नसलेली.

‘आई मुलाचं लग्न बघत नाही. बघितलं तर त्याच्या संसाराला दृष्ट लागते.’ हे बकुलदी म्हणाल्या, अणिमादींच्या मोठ्या जाऊ.

हे सगळं एकाच लग्नाच्या व्हिडिओतलं. बकुलदी सोडून. त्या व्हिडिओत मावत नाहीत.

मी अणिमादींच्या समोरच राहते, म्हणून निताई पाल ठरला तेव्हाही तिथेच होते. बंगालातल्या आमच्या कृष्णनगरात लग्नाचे व्हिडिओ काढणारे पाच जण. चौघांना अणिमादींनी चहा पाजून परत पाठवलं होतं. वरात निघाली की नवऱ्याची आई मागे घरीच राहणार. एकुलत्या एका मुलाचं, तोतनचं लग्न त्यांना दिसणार ते या माणसाने आणलं तेवढंच. निताई पाचवा. अंगात सतरा खिशांचं जाकीट.

‘काय काय दाखवशील?’

‘काकीमा, वरून दाखवीन, खालून दाखवीन, हळू दाखवीन. आहेराचा मासा तर असा दाखवीन की–’

‘मासा मी रोज चिरते. तोतन दाखव.’

‘तो असणारच की. नवरा आहे तो.’

‘शुभदृष्टीला?’

निताईचा कप तोंडाशी थांबला. भाऊ नवरीला पाटावर उचलून नवऱ्याभोवती सात वेळा फिरवतात, मग ती तोंडावर धरलेली विड्याची पानं बाजूला करते आणि दोघं एकमेकांना बघतात. तेव्हा सगळे कॅमेरे एकाच बाजूला असतात.

‘नवरीला घेतात तेव्हा, काकीमा. नवऱ्याचं तोंड आजवर कुणी मागितलं नाही. त्यात असतं काय? घाम.’

‘मला तो घाम हवाय. तिला बघताना तो कसा दिसतो, ते हवंय.’

कोपऱ्यात बकुलदींचा अडकित्ता थांबला. ‘व्हिडिओत बघणं म्हणजे बघणं नाही वाटतं?’

‘दीदी, फोटोतली सरपुरिया बघून तुमची साखर वाढते का?’

अडकित्ता पुन्हा सुरू झाला. निताई ठरला.

(मधे लग्न झालं. अणिमादी घरी होत्या, म्हणून इथे काही नाही.)

नवव्या दिवशी दुपारी निताई व्हिडिओ घेऊन आला. टीव्हीसमोर अणिमादी, शेजारी नवी सून पौलोमी, मागे तोतन. बकुलदी पाठ फिरवून दारात बसल्या. त्या बघत नव्हत्या, फक्त विचारत होत्या.

‘आता काय चाललंय?’

‘मासा.’

‘अजून?’

मासा गेला, मामा गेले. पाट उचलला. सात फेरे. आणि पडदाभर तोतन: डोक्यावरचा टोपोर, नवऱ्याचा पांढरा मुकुट, तिरका; कपाळावर चंदनाचे ठिपके, नाकाच्या शेंड्यावर घाम. शंख वाजला, बायकांनी जीभ हलवत उलूचा गजर केला. तोतनने मान वळवली आणि थेट आमच्याकडे बघून हसला.

‘मी पानं काढली तेव्हा तू तिकडे बघत होतास?’ पौलोमी गर्रकन वळली.

‘निताईदा म्हणाला, इकडे बघ, काकीमा बघणार आहेत.’

‘मला वाटलं तू लाजतोयस!’

सतरा खिशांपैकी एकातही निताईला तोंड लपवता येईना. ‘काकीमा, तुम्हीच चेहरा मागितलात...’

बकुलदी मात्र आता पूर्ण वळल्या होत्या. ‘बघा! आईने मुलाला बघू नये म्हणून तिला घरी बसवलं, तर मुलगाच आईला बघून आला!’

अणिमादी हसल्या नाहीत. पडद्यावरच्या तोतनकडे बघत म्हणाल्या, ‘हे तोंड मला पाठ आहे रे. शाळेच्या फाटकातून असाच बघायचास. मला ते दुसरं हवं होतं.’

मग त्या उठल्या. बकुलदींच्या पानाच्या डब्यातून दोन पानं काढली, साडीला पुसली आणि सुनेच्या हातात दिली.

‘घे, झाक तोंड. तोतन, समोर उभा राहा. निताई, ते बंद कर.’

‘अगं, आईने बघायचं नसतं!’ बकुलदी ओरडल्या.

‘लग्न बघायचं नसतं. ते तर झालं.’

पौलोमीने राग अजून धरून ठेवला होता, त्यामुळे पानं जरा उशिराच खाली आली. अणिमादी तिच्या खांद्यामागे उभ्या राहून बघत होत्या.

घाम होता.

वरात निघण्याआधी, तोतन नीट दिसावा म्हणून, अणिमादींनी निताईच्या कॅमेऱ्याची काच पदराने पुसून दिली होती. आता मधे काच नव्हती.