व्हीलचेअरचा ब्रेक

फ्रॅक्चरबाईची भीती साधीसुधी नव्हती. विमा कंपनीत मोडलेल्या हाडांचे दावे तपासण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. फ्रॅक्चरबाई हे नाव ऑफिसनेच लाडाने ठेवलेलं. ‘पलंगावरून व्हीलचेअरमध्ये हलवताना पेशंट पडला’ हे वाक्य तिने इतक्यांदा वाचलं होतं की झोपेतसुद्धा कोणीतरी धप्पकन पडायचं. आणि ही बाई चाळिशी उलटल्यावर नोकरी सोडून फिजिओथेरपिस्ट व्हायला निघाली होती! मोडलेल्यांचे कागद बघण्यापेक्षा त्यांना उभं करावं, असं तिच्या मनाने घेतलं, आणि तिच्या मनाने एकदा घेतलं की मग ब्रह्मदेवाचंही काही चालत नसे.

या अभ्यासक्रमाला तिला दोन कॉलेजांत जागा मिळाली होती. संध्याकाळपर्यंत एकाला होकार कळवायचा होता. मोठ्या कॉलेजात आधी पुस्तकं, संगणक आणि रबराच्या बाहुल्या. पेशंटला हात लावायचा तो अगदी शेवटी. धाकटं कॉलेज एका हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला होतं, आणि तिथे पहिल्याच आठवड्यात वॉर्डात पाठवत.

“मोठं घे,” नवरा म्हणाला. “बाहुली पडली तर बोंब तरी मारत नाही.”

“तेच घेणार आहे. पण धाकट्यांनी बघायला बोलावलंय, तर जाऊन येते. तोंडावर नाही म्हणावं.”

खरं तर पहिल्याच आठवड्यात जिवंत पेशंट हातात घ्यायची तिची तयारीच नव्हती.

सरावाच्या हॉलमध्ये पलंगांची रांग होती. शिकवणाऱ्या मॅडमनी तिला एका पलंगाच्या काठावर बसवलं आणि कमरेला रुंद पट्टा आवळला. “तुमचा डावा पाय मोडलाय. काही झालं तरी टेकवायचा नाही. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी पेशंट होतो.”

तिला पलंगावरून व्हीलचेअरमध्ये हलवणार होता तो बेकरी विकून शिकायला आलेला एक धिप्पाड गृहस्थ. त्याला येऊन चारच दिवस झाले होते. त्याचे तळवे घामाने ओले झाले होते.

“घाबरू नका हं,” तो म्हणाला.

“मला काय सांगता? तुम्हीच थरथरताय.”

“हो ना हो,” तो कसनुसं हसला.

ती एका पायावर उठली, वळली आणि मागे टेकायला गेली. व्हीलचेअर मागे सरकली. ब्रेक लावलेलाच नव्हता. बेकरीवाल्याच्या तोंडून ‘अरे’ निघालं आणि त्याचे ओले हात तिच्या दंडांवरून निसटले. खाली काहीच नव्हतं.

मग कमरेला हिसका बसला. पट्ट्याला मागून मॅडमची मूठ होती, पहिल्यापासूनच, आणि फ्रॅक्चरबाईला त्याचा पत्ताही नव्हता. मॅडमनी तिला अलगद पलंगावर बसवलं. बेकरीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“काय विसरलात?” मॅडमनी त्याला विचारलं.

“ब्रेक.”

“इथे विसरलात ते बरं झालं. चला, पुन्हा.”

“मी पुन्हा बसते,” असं आपणच म्हटल्याचं फ्रॅक्चरबाईला जरा उशिराच कळलं.

संध्याकाळी बसस्टॉपवरून तिने नवऱ्याला फोन लावला. “धाकट्याला हो म्हणून आले.”

“काय सांगतेस! म्हणजे भीती गेली?”

“कुठली जाते! दुप्पट झाली. इतके दिवस मी आपली घाबरत होते, की माझ्या हातून कोणी पडलं तर माझं काय होईल. आज मी स्वतःच पडत होते रे. तेव्हा मला काय वाटलं माहितीये?”

“काय?”

“आई हवी होती. एवढी घोडी झाले, आणि आई हवी होती. माझ्या हातात जो येईल त्यालाही असंच वाटणार ना? आणि तिथे त्याची आई नसणार. मीच असणार.”



“सावकाश ये,” नवरा म्हणाला. “मी स्टॉपवर येतो घ्यायला.”