टाचणीखालची चौथी ओळ

मी एक जुनी सूचना आहे, मित्रांनो. भिंतीवरची नव्हे, संगणकाच्या पडद्यावरची. सूक्ष्मदर्शक दुरुस्त करणाऱ्यांचा एक चर्चागट आहे. त्याच्या अगदी माथ्यावर, टाचणीच्या चित्राखाली मी राहते.

माझा जन्म वैतागातून झाला. हा गट ज्यांनी सुरू केला त्यांना सगळे मावशी म्हणतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतली उपकरणं सांभाळण्यात त्यांची सारी नोकरी गेली. एकदा गटावर कुणीतरी विचारलं, "चित्र अंधूक का दिसतं?" उत्तर एकही आलं नाही. जाहिराती मात्र दिव्याभोवती किडे जमावेत तशा जमल्या. भिंगं घ्या, दिवे घ्या, एकावर एक फुकट घ्या. सगळ्यांत पुढे होते भिंगवाले, म्हणजे सुट्या भागांचे एक दुकानदार. तीच जाहिरात ते सकाळी टाकत आणि संध्याकाळी शिळी झाली म्हणून पुन्हा टाकत. "यांच्याकडचं भिंग म्हणजे सोनं," असं लिहिणारं समाधानी गिऱ्हाईक त्यांचे सख्खे मेहुणे निघाले, तेव्हा मावशींनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि मला लिहून काढलं.

"प्रश्नाच्या उत्तरात जाहिरात करू नये. तीच जाहिरात पुन्हा टाकू नये. विक्रेत्याने आपली ओळख लपवू नये."

तीन ओळी, एवढाच माझा देह. पण काय कौतुक झालं माझं! "बरं झालं, कुणीतरी बोललं," असं जो तो लिहून गेला. मग नव्याची नवलाई संपली. दारातलं पायपुसणं ओलांडावं तसे लोक माझ्यावरून बोट सरकवून थेट खाली जाऊ लागले. मला मनावर घेतलं ते एकट्या भिंगवाल्यांनी. मावशींची बोलणी खाल्ल्यावर ते इतके सुधारले, की त्यांनी बोलणंच सोडलं.

एका दुपारी एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी लिहिलं, "आमच्या सूक्ष्मदर्शकाचा फोकसचा नॉब फिरत नाही. आतलं दातेरी चाक तुटलं असावं. कुठे मिळेल का? उद्या मुलं पहिल्यांदाच कांद्याचा पापुद्रा बघणार आहेत, आणि शाळेत हा एकच आहे."

मावशी त्या दिवशी भाचीकडे गेल्या होत्या. बाकीच्यांनी हळहळ व्यक्त केली, पण उपाय कुणालाच सुचला नाही. पडद्यावर एक गंमत मात्र चालली होती. 'भिंगवाले लिहीत आहेत' अशी अक्षरं उगवत, आणि काहीच न येता मावळत. पुन्हा उगवत, पुन्हा मावळत. संध्याकाळी मावशींनी गट उघडला.

"अहो भिंगवाले, दुपारपासून लिहिताय काय? निबंध?"

"काय करू मावशी? बोललो तर जाहिरात होते, न बोललो तर बाईंचं अडतं. वर तुमची सूचना डोळे वटारून बसलीय."

मित्रांनो, मला डोळे नाहीत, तरी मी ते मिटून घेतले.

"विकायचं नंतर बघू," मावशी म्हणाल्या. "आधी उपाय सांगा."

"बाई, नॉब घट्ट बसलाय की नुसता गरगर फिरतोय?"

"घट्ट बसलाय. हलतच नाही."

"मग चाक घेऊ नका, ते बहुतेक शाबूत असेल. वापराविना पडून राहून आतलं ग्रीस गोठलंय. नॉब उघडा, जुनं ग्रीस स्पिरिटने पुसून काढा आणि नवं अगदी ठिपक्याएवढं लावा. जोर मात्र लावू नका. लावलात तर चाक खरंच तुटेल, आणि मला नाइलाजाने विकावं लागेल."

"म्हणजे तुमच्याकडे चाक आहे?"

"डबाभर आहेत. म्हणून तर बोलायला धजत नव्हतो. मी विकणारा माणूस, माझं बोलणं थोडं वजा करूनच ऐका."

"घेऊ नका म्हणणारा दुकानदार मी पहिल्यांदाच बघतेय," बाईंनी लिहिलं. "यात वजा काय करू?"

दुसऱ्या दिवशी गटावर एक फोटो आला. वहीच्या पानावर पेन्सिलीने काढलेलं चित्र होतं, एकाला एक लागून बसलेल्या विटांसारख्या पेशी. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "कांद्याच्या आत भिंत आहे. मी स्वतः बघितली."

मावशींनी ते चित्र माझ्या शेजारी टाचलं, आणि मला चौथी ओळ दिली. "विक्रेत्यांनो, आधी उत्तर द्या. तुमच्याकडे वस्तू असेल तर 'मी विकतो' असं सांगून बोला. पण बोला."

गप्प बसवण्यासाठी जन्मलेली मी, आता बोलतं करते. याहून मोठं सुख कुठल्या सूचनेला मिळालं असेल?

मित्रांनो, कुठल्याही गटात शिरलात की माझ्यासारखी एखादी वर बसलेली असते. तिच्याकडे क्षणभर बघा. ती कुणाच्या तरी अडलेल्या प्रश्नासाठी जागा राखत असते. माझ्याकडे तर हल्ली सगळेच थांबतात. खरं सांगायचं तर थांबतात ते चित्र बघायला, पण थांबल्यावर मला वाचतातच. कांद्याची ती भिंत मला चांगलीच शेजारीण लाभली आहे.