आत्यासाठी हॉटेल

गोजराआत्या आमच्याकडे अंबरनाथला तीन दिवसांसाठी आली ती निव्वळ फिरायला. औषधपाणी नाही, लग्न नाही, बारसं नाही. "तुमचं गाव बघायचंय, एवढंच," असं फोनवर सांगून एकाहत्तर वर्षांची ही बाई साताऱ्याकडून एकटी एसटीनं निघाली. येताना भाकऱ्या, ठेचा आणि स्वतःचं फुलपात्रही घेऊन आली. ते फुलपात्र बघून माझं डोकंच फिरलं.

कारण या खेपेला आत्याला हॉटेलात खायला घालायचंच, असं मी ठरवलं होतं. जन्मात तिनं हॉटेलात घास खाल्लेला नाही. नऊ वर्षांची असताना ती एकदा हॉटेलच्या पायरीपर्यंत गेली होती. माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील धोंडिबा, तिला बाजारच्या गावी घेऊन गेले होते. तिथल्या हॉटेलाबाहेर वळचणीला कान तुटलेला एक कप ठेवलेला असायचा, फक्त आमच्या लोकांसाठी. आजोबांनी बाहेर उकिडवं बसून चहा घेतला, कप स्वतः विसळला आणि पुन्हा वळचणीला ठेवला. बौद्ध होऊन सहा वर्षं झाली होती. आम्ही धर्म बदलला, हॉटेलवाल्यानं कप बदलला नाही. त्या दिवशी आत्यानं हॉटेल सोडलं ते सोडलंच.

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. म्हणूनच मला वाटायचं की एकदा, फक्त एकदा, आत्यानं ऐटीत टेबलाशी बसावं आणि कुणीतरी तिला अदबीनं विचारावं, काय घेणार. माझी मुलगी स्वप्नाली हिनं मोबाइलवर तारे मोजून अकरा ठिकाणांची यादी केली. त्यातलं सगळ्यात चकाचक मी निवडलं. बदलापूरला सोनिवलीकडे नव्या बिल्डिंगांच्या खाली उघडलेलं, एसीवालं, गुळगुळीत फरशीचं. म्हटलं, आत्याचा मान राहायचा तर असा राहू दे.

आत्या नवं लुगडं नेसून आली. खुर्चीत बसली. एसीकडे बघून पदर घट्ट केला, पण बसली. मी मनातल्या मनात आजोबांना नमस्कार घातला. मग चहा आला, कागदी कपात. सँडविच कागदाच्या ताटलीत, सोबत लाकडाचा चपटा चमचा. आत्यानं कप उचलून सगळीकडून फिरवून बघितला आणि पलीकडच्या टेबलाकडे नजर टाकली. तिथे कुणी नव्हतं, आम्हीच पहिले होतो. तिनं कप खाली ठेवला आणि भूक नाही म्हणाली. चहा निवला, सँडविच मी एकटीनं संपवलं. रिक्षात मी तोंड फिरवून बसले. मला रागच तेवढा आला होता.

रात्रीच्या स्वयंपाकाला लागलो तेव्हा ती आपणहून बोलली. लसूण सोलत, माझ्याकडे न बघता.

"वापरायचा आन् फेकायचा कप दिला तुझ्या हॉटेलवाल्यानं. माझ्या तोंडाला लागलेलं भांडं दुसऱ्या कुणाच्या तोंडाला लागायचं न्हाई. माझ्या बापाचा कप निदान पुन्यांदा तरी वापरत हुते."

मी तिला समजावलं. तो कप सगळ्यांनाच देतात, स्वच्छतेसाठी देतात, आता सगळीकडे हेच चालतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आसंल," ती म्हणाली. "पर मला कसं कळावं?"

खरं सांगायचं तर मला लाज वाटली. तिला मोठेपणा द्यायला निघाले होते मी, आणि नेमकं तेच तिच्यापुढे नेऊन ठेवलं, ज्याच्यापासून ती बासष्ट वर्षं लांब राहिली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली, आत्याला स्वप्नालीबरोबर शिवमंदिर बघायला पाठवलं आणि शोधाला निघाले. यादी गेली खड्ड्यात. मला आता चव नको होती, तारे नकोत, पंखा नको. मला पाहिजे होती भांडी घासायची जागा. अंबरनाथ पूर्वेला स्टेशनपासून सुरुवात केली आणि प्रत्येक हॉटेलात शिरून सरळ मागच्या नळाकडे बघू लागले. सगळीकडे कागदी कपांच्या चळती. एक वडेवाला मला नगरपालिकेची समजला आणि त्यानं घाईघाईनं तेलावर झाकण घातलं. दुसऱ्यानं विचारलं, मॅडम, काही हरवलंय का. मी हो म्हणाले.

चालून पाय दुखायला लागले तेव्हा रिक्षा केली आणि उल्हासनगरला कॅम्प चारला उतरले. शिलाईचे कारखाने, बटणं-चेनवाल्यांची दुकानं, हातगाड्यांवर जीन्सचे गठ्ठे. तिथे दोन कारखान्यांच्या मधे एका सिंधी बाईंचं दाल-पकवानचं दुकान दिसलं. एकच लांब टेबल, दोन्ही बाजूंना बाक. टेबलावर स्टीलच्या ताटल्या आणि काचेचे ग्लास. आणि रस्त्यावरून सरळ दिसेल असा, दुकानाच्या तोंडाशीच नळ, खाली मोठी परात, आणि तिथे बसून एक बाई ग्लास विसळत होती.

मी गल्ल्यावरच्या बाईंना विचारलं, तुम्ही कागदाच्या प्लेटा ठेवत नाही का. त्यांनी माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघितलं.

"कागज में दाल? नीचे से टपकेगी, दीदी. कल सवेरे आना. दस बजे तक सब खतम होता है."

मी तिथे काही खाल्लंसुद्धा नाही. चव बघायचीही आठवण राहिली नाही.

तिसऱ्या दिवशी आत्याची गाडी दुपारी होती. सकाळी आठलाच मी तिला उठाउठी रिक्षात घातलं. ती भूक नाही म्हणायच्या तयारीनंच निघाली होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. दुकानात ही गर्दी. कारखान्यांचे मालक आणि कारागीर मांडीला मांडी लावून बसलेले. बाकावरच्या दोघा जणांनी सरकून आम्हाला जागा दिली. आत्या टेकली, पण ताटलीकडे बघेना. ती नळाकडे बघत होती. ग्लास जात होते, विसळले जात होते, परत येत होते.

दाल-पकवान आलं. मोठी कुरकुरीत पुरी, वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. आत्यानं एक तुकडा मोडला, डाळीत बुडवला, तोंडात टाकला. तिनं दुसरा तुकडा मोडला. मग तिसरा. मिरची मागितली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी कांद्यावर ढकललं.

मग चहा आला. आत्यानं दोन घोट घेऊन ग्लास टेबलावर ठेवला. तिच्या शेजारी एक सिंधी शेठ बसले होते, सोन्याची चेन, कानाला फोन, कुणाला तरी माल पोचला नाही म्हणून झापत होते. बोलता बोलता त्यांनी हात लांब केला, आत्याचा ग्लास उचलला आणि एक मोठा घोट घेतला. लगेच त्यांचं तोंड वाकडं झालं.

"अरे माताजी, ये तो आपका था," ते फोन बाजूला धरून म्हणाले. "सॉरी हां. मेरा फीका आता है. मीठा लगा तब समझा."

आत्या त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"उष्टा हुता वो माझा," ती म्हणाली.

"तो क्या हुआ. अच्छा था, बस शक्कर जादा थी. डॉक्टर मारेगा." एवढं बोलून त्यांनी आत्यासाठी ताजा चहा सांगितला आणि पुन्हा फोनवर कुणाला तरी झापायला लागले. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

ताजा चहा आला. आत्यानं तो माझ्याकडे सरकवला. शेठजींनी ठेवलेला अर्धा ग्लास तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि सावकाश, एकेक घोट घेत, तळापर्यंत रिकामा केला. असा चहा पिताना मी कुणाला बघितलेलं नाही. पाठ ताठ, मान वर, राणीच बसली होती बाकावर.

घासणारी बाई आली. चार बोटं चार ग्लासांत घालून तिनं टेबलावरचे ग्लास उचलले, आत्याचा, शेठजींचा, समोरच्या दोन कारागिरांचे, आणि परातीत बुडवले. विसळून ओळीत पालथे घातले. आत्या मान लांब करून बघत होती.

"माझा कंचा गं त्यातला?" तिनं मला विचारलं.

मी नीट बघितलं. "नाही कळत, आत्या."

"मला बी न्हाई कळत," ती म्हणाली, आणि गल्ल्यावरच्या बाईंना स्वतः खणखणीत आवाजात हाक मारून तिनं आणखी एक प्लेट मागवली.