आधी पूस, मंग हात लाव

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. निदान होतो. आता मी नक्की काय आहे, हे मला धड कुणीच सांगत नाही. कुणी मला रॉड म्हणते, कुणी उंदीर म्हणते, आणि मध्यंतरी एक भंगारवाला डोकावून गेला, तो तर मला सरळ भंगारच म्हणाला. माझे टप कापून बुटके केले आहे, नाकावरचे झाकण काढून टाकले आहे आणि पोटातले इंजिन येणाऱ्या-जाणाऱ्याला उघड दिसते आहे. अशा अवस्थेत गोष्ट सांगताना माझा थोडा गोंधळ उडाला, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म जर्मनीतला. ज्या कारखान्यात झाला, तो केव्हाच बंद पडला. लुडविग्सहाफेन शहराच्या पश्चिमेला, द्राक्षमळ्यांच्या एका लहान गावात मी आयुष्य काढले. माझ्या धन्याचे नाव हेर्मान वेन्डेल. मला घरी आणल्यावर त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेतला आणि माझ्या दोन्ही दारांवर स्वतःच्या हाताने लिहिले, ‘हेर्मान वेन्डेल, द्राक्षे आणि फळे’. सुरुवातीची अक्षरे त्यांनी हौसेने एवढी मोठी काढली की शेवटी जागाच उरली नाही. बिचारी ‘फळे’ दाराच्या मुठीला चिकटून उभी राहिली. गावातले लोक हसायचे, पण मला त्या दाटीवाटीच्या अक्षरांचा फार अभिमान होता. पुढे एकदा फाटकाच्या खांबाला घासून माझे उजवे दार गेले. त्याजागी दुसऱ्या कुठल्याशा ट्रकचे निळे दार आले. तेव्हापासून धन्याचे नाव माझ्या एकट्या डाव्या दारावर राहिले.

मी खूप कष्ट केले, मित्रांनो. द्राक्षांच्या पेट्या, सफरचंदे, खताची पोती, एकदा तर चर्चची घंटासुद्धा वाहिली. दर वसंतात धनी हातात पॉलिश पेपर घेऊन माझ्या अंगावरचा गंज घासायचे. गंजाचा त्यांना भारी तिटकारा. गंज म्हणजे आळशी माणसाची खूण, असे ते म्हणायचे, आणि मीही तेच खरे मानत आलो.

मग नवी गाडी आली आणि मला कोठारात उभे केले. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या. धनी म्हातारे झाले. तरी ते रोज कोठारात यायचे, माझ्या डाव्या दारापाशी उभे राहायचे, अक्षरांवरून अंगठा फिरवायचे आणि हलक्या आवाजात काहीतरी म्हणायचे. माझे कान तेव्हा धुळीने बुजलेले होते. मला वाटायचे, ते धूळ पुसत असावेत. थोड्या वेळाने त्यांच्या पत्नी, फ्राऊ वेन्डेल, यायच्या आणि त्यांना हाताला धरून घरात न्यायच्या. एके दिवशी ते येईनासे झाले. का, ते मला कुणी सांगितले नाही. ट्रकला कोण सांगतो?

बऱ्याच काळाने कोठाराचे दार उघडले आणि उर्जा आत आली. उर्जा कार्ल्सरूहेच्या विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकते. मैत्रिणींबरोबर द्राक्षतोडणीला आली होती आणि पावसाची सर आली म्हणून कोठारात शिरली होती. मला पाहून ती जी उभी राहिली, ती हलेचना. माझ्याकडे असे बघणारे माणूस मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. दुसऱ्याच दिवशी ती फ्राऊ वेन्डेलना म्हणाली, “हा ट्रक मला द्याल? मला याचा रॅट रॉड करायचा आहे.” म्हणजे जुनी गाडी कापून, जोडून तिची बुटकी, उघडीवाघडी हौसेची गाडी करायची, हे मला मागाहून कळले.

फ्राऊ वेन्डेल तेव्हा गाव सोडून हायडेलबर्गला मुलीकडे राहायला निघाल्या होत्या. त्यांनी मला देऊन टाकले आणि काम होईपर्यंत कोठारही वापरायला दिले. बदल्यात त्यांनी एकच अट घातली. “बाकी काय हवे ते काप. पण दारावरचे नाव हेर्मानच्या हातचे आहे, ते तसेच राहिले पाहिजे. आणि ट्रक चालायला लागला की मला एकदा त्यात बसवून मळ्यावर ने.” उर्जाने त्यांचा हात हातात घेऊन वचन दिले. ते मी या उघड्या डोळ्यांनी पाहिले.

आणि मग माझ्या गोंधळाला खरी सुरुवात झाली. दर शनिवारी उर्जा आणि तिचे बाबा भास्कर येऊ लागले. भास्कर लुडविग्सहाफेनमध्ये रसायनांच्या कंपनीत केमिस्ट आहेत. दोघांनी मिळून माझे टप वीतभर कापले. मला वाटले, संपलो. पण तेच टप खाली बसवून पुन्हा जोडले! माझी चौकट आखूड केली, मडगार्ड काढून टाकले, आणि सीट म्हणून दोन जुन्या लोखंडी खुर्च्या ठोकल्या. हे सगळे मोडतोड करणारे लोक माझे इंजिन मात्र बाळाला न्हाऊ घालावे तसे धूत होते. आणि गंज? गंजाला कुणी हातच लावेना! उलट उर्जा माझ्या गंजलेल्या गालावरून हात फिरवून म्हणायची, “पापा, शाऊ माल! किती श्योन आहे!” म्हणजे बाबा, बघा तरी, किती सुंदर आहे! जन्मभर ज्याची लाज बाळगली, तेच आता माझे सौंदर्य ठरले. मित्रांनो, अशा वेळी ट्रकने काय समजावे?

मराठी मी याच कोठारात शिकलो. उर्जाची आई मालिनी मूळची पुण्याची. ती डबा घेऊन यायची आणि एक खुर्ची ओढून बोलत बसायची. तिची मराठी स्वच्छ, एकेक शब्द मोजून मापून. उर्जाला मराठी सगळी कळते, पण उत्तर देते जर्मनमध्ये. उन्हाळ्यात भास्करांच्या आई, सुलेखाआजी, आल्या आणि माझ्या मराठीचा पाया हलला. आजी अकोटच्या, म्हणजे पक्क्या वऱ्हाडातल्या. मला बघताच त्यांनी कपाळाला हात लावला.

“अवं माय! याचं डोस्कं कोनं कापलं?”

“आई, हा रॅट रॉड आहे,” भास्कर म्हणाले. “रॅट म्हणजे उंदीर.”

“मंग गनपतीचं वाहन व्हय म्हना ना! पन वाहनाले असं जंग लागलेलं चालते का?”

तरीही आजींचा माझ्यावर जीव जडला. माझ्या गिअरच्या दांड्याला मूठ नव्हती. पुढच्या शनिवारी आजींनी पिशवीतून पितळी खलबत्त्यातला बत्ता काढून भास्करांच्या हातात दिला. तो त्यांनी थेट अकोटहून सामानात घालून आणला होता. “अहो आई, मग चटणी कशात कुटायची?” मालिनीने विचारले. “मिक्सर हाये ना तुमच्याजवळ,” आजी म्हणाल्या. आता माझा गिअर बत्त्याने बदलतो. यावर आपण काही न बोललेले बरे.

द्राक्षे पिकत आली. इंजिन सुरू झाले. रस्त्यावर धावायला ट्यूफवाल्या तपासनिसाची परवानगी लागते, ती मिळायला अवकाश होता, पण वेन्डेलांच्या मळ्यातली वाट खाजगी होती. फ्राऊ वेन्डेल पुढच्या शनिवारी येणार, असे ठरले. राहिले होते फक्त दार. त्यावरच्या अक्षरांचे पोपडे सुटू लागले होते.

त्याच्या आदल्या शनिवारी भास्कर काही सामान आणायला गेले होते. कोठारात उर्जा आणि मटाराच्या शेंगा सोलत बसलेल्या आजी, अशा दोघीच होत्या. आजींना जर्मन येत नाही, म्हणून उर्जाने आपली मोडकी मराठी बाहेर काढली.

“आजी, हे नाव पडतो. मी त्याच्या वर लॅक लावू? या?” लॅक म्हणजे वरून द्यायचे वार्निश आणि ‘या’ म्हणजे जर्मन ‘हो ना’.

आजींनी दाराकडे पाहिले. शेंगा खाली ठेवल्या. मग अगदी ठासून म्हणाल्या, “आधी पूस, मंग हात लाव.” आणि ऊन खायला अंगणात गेल्या.

आता तुम्हीच सांगा, यात चूक कुणाची? उर्जा इंजिनीअर होणारी मुलगी. लॅक चढवण्याआधी पत्रा स्वच्छ पुसावा, हे तिला विद्यापीठातही शिकवले होते. आजीला एवढे कळते याचे तिला कौतुकच वाटले. मलाही तसेच वाटले. मालिनीच्या मराठीत पुसणे म्हणजे फडक्याने पुसणे, दुसरे काय! उर्जाने गंजलेले नट सोडवायचे औषध घेतले, खरखरीत फडके घेतले, आणि जर्मनीत वाढलेल्या मुलीने पुसावे तसे पुसले. आधी फडक्यावर पांढरे आले. तिला वाटले, चुन्याची धूळ असेल. तिने आणखी जोर लावला. मला ओरडायचे होते, पण हॉर्नची वायर अजून जोडलेली नव्हती.

तिचा हात थांबला तेव्हा दारावर नुसता चकचकीत पत्रा होता.

आजी आत आल्या. “काय वं पोरी, पुसलं का त्या बाईले? काय म्हने?”

“पुसलं,” उर्जा रडवेल्या आवाजात म्हणाली आणि तिने पांढरे झालेले फडके पुढे केले.

आजींनी फडके पाहिले. दार पाहिले. मग त्या मटाराच्या टोपलीशेजारी मटकन खाली बसल्या.

भास्कर परतले तेव्हा त्यांनाच उलगडा करावा लागला. “आल्झो...” म्हणजे ‘असं आहे तर’, असे म्हणत त्यांनी ते फडके हातात घेतले. मग म्हणाले, “उर्जा, तुझ्या आईच्या पुण्यात माणसाला विचारतात. आमच्या अकोटात माणसाला पुसतात. आजी म्हणत होती, आधी फ्राऊ वेन्डेलना फोन करून विचार.” मालिनीला हे कळले तेव्हा तिने एक उपाय सुचवला. “अगं, माझ्या फोनमध्ये फोटो आहे ना. त्यावरून स्टेन्सिल कापू आणि रंगवू. त्यांना कळणारसुद्धा नाही.” उर्जाने नकारार्थी मान हलवली. “नाइन. हेर्मानच्या हातचं म्हणाल्या होत्या त्या.” मित्रांनो, मला त्या पोरीचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी तिचा रागही आला. माझ्या अंगावर ओळखीची तेवढी एकच खूण होती. आता मी नक्की कोणाचा ट्रक होतो?

शनिवारी फ्राऊ वेन्डेल आल्या. हातात काठी, अंगात चांगला निळा कोट. उर्जाने त्यांना सरळ डाव्या दारापाशी नेले आणि सगळे सांगून टाकले. वचन मोडले, हेही सांगितले. आजींना भाषा कळत नव्हती, पण नातीचा चेहरा कळत होता. त्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. “भास्कर, त्याईले सांग, पोरीले बोलू नका म्हना. म्याच म्हतलं तिले पूस म्हून.”

भास्करांनी जर्मनमध्ये समजावले, की आमच्याकडे विचारणे आणि पुसून टाकणे यांना एकच शब्द आहे.

“एकच?” फ्राऊ वेन्डेलनी विचारले.

“या. गेनाऊ,” म्हणजे हो, अगदी तेच, असे भास्कर म्हणाले.

त्या काठीवर रेलून त्या चकचकीत पत्र्याजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, “शेवटी शेवटी हेर्मानला काही आठवत नसे. रोज इथे यायचा, या अक्षरांवरून अंगठा फिरवायचा आणि विचारायचा, हा कोण? मी सांगायचे, तू. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा. विचारता विचारता अर्धी अक्षरे त्यानेच पुसली होती. तुमचा शब्द बरोबर आहे.”

मित्रांनो, तेव्हा कुठे मला कळले की धनी धूळ पुसत नव्हते. ते मला पुसत होते, आणि मी एकदाही उत्तर दिले नव्हते. मला फार वाईट वाटले. इंजिन बंद होते, तरी कुठूनतरी तेलाचा एक थेंब गळला.

“मी परत लिहू का?” उर्जाने विचारले. या वेळी तिने आधी विचारले, हे आजींच्याही लक्षात आले.

“नको. त्याचे अक्षर तुझ्या हातून कशाला? राहू दे असेच. यालाही गंज चढेल,” फ्राऊ वेन्डेल म्हणाल्या. “आता मळ्यावर चल.”

त्या माझ्या लोखंडी खुर्चीवर बसल्या आणि उर्जाने बत्ता पुढे ढकलला. फ्राऊ वेन्डेलनी तो काय आहे हे विचारले, आणि कळल्यावर एवढ्या हसल्या की त्यांना खोकला आला. मी धूर सोडत, धडधडत मळ्याची चढण चढलो. वाटेवरचा प्रत्येक खड्डा माझ्या ओळखीचा होता. माथ्यावर पोहोचल्यावर फ्राऊ वेन्डेल खाली उतरल्या, दारापाशी आल्या आणि कोऱ्या पत्र्यावर त्यांनी अंगठा ठेवला.

“हा कोण?” त्या हळूच म्हणाल्या.

त्यांना उत्तर हवे होते की नाही, मला माहीत नाही. पण उर्जाने दिले. “हेर्मान वेन्डेल. द्राक्षे आणि फळे.” ‘फळे’ तिने अगदी घाईघाईने, दाटीवाटीने म्हटले.

तर मित्रांनो, मी ट्रक आहे, की उंदीर, की गणपतीचे वाहन, हा गोंधळ माझ्या मनातून अजून गेलेला नाही. गंज वाईट की चांगला, हेही मला ठरवता येत नाही. पण तुम्हाला एक कळकळीने सांगतो. जुन्या वस्तूला किंवा जुन्या माणसाला हात लावण्याआधी पुसा. फडके नंतर घ्या. आणि कधी या बाजूला आलात, तर माझ्या डाव्या दारापाशी थांबा. तिथे काहीही लिहिलेले नाही. तरी अंगठा ठेवा आणि मोठ्याने पुसा, हा कोण? उर्जा जवळ असेल तर ती सांगेल. नसेल तर तुम्ही सांगा. आता तुम्हाला माहीत आहे.