माझ्या पात्यांखालची गिधाडं

मी एक जुनी पवनचक्की आहे. आफ्रिकेतल्या लेसोथो देशाच्या उंच डोंगरात, एका उघड्या धारेवर मी अकरा वर्षं उभी आहे. मित्रांनो, माझ्या हातून पुष्कळ जीव गेले आहेत. ते मी लपवणार नाही. पण आधी चार चांगल्या गोष्टी सांगते, कारण त्याही खऱ्याच आहेत.

माझा जन्म दूर समुद्रकाठच्या कारखान्यात झाला. काचेच्या धाग्यांचे थर एकावर एक चिकटवून माझी तीन पाती घडवली. एकेक पातं साठ पावलं लांब! घाटाच्या वळणावर ते मावेना, तेव्हा लोकांनी आपल्या मेंढवाड्यांच्या भिंती उतरवून वाट करून दिली. मी पहिल्यांदा फिरले त्या दिवशी गावातल्या बायका नाचल्या. दवाखान्यात दिवा लागला, लस ठेवायचं कपाट गार राहू लागलं.

"आजवर हा मेला वारा आमची छपरं उडवायचा," मकोपानो म्हणाली. "आता कुठे कामाला लागला!"

मकोपानो ही गावचीच बाई. समोरच्या कड्यावर गिधाडांची वस्ती होती, म्हणून तिला पक्ष्यांची राखणदार नेमलं होतं. पक्षी जवळ आला की तिनं फोन करायचा आणि खालच्या वीजठाण्यातून मला थांबवायचं, असं ठरलं होतं. दोन वर्षं तसं झालंही. मग ठाण्यात फोन उचलायला उशीर होऊ लागला.

लांबून मी संथ दिसते. पण माझ्या पात्याचं टोक भरधाव मोटारीच्याही दुप्पट वेगानं जातं. आणि गिधाड उडताना खाली बघतं, मेलेलं जनावर शोधत. समोर बघतच नाही. पहिलं गिधाड लागलं तेव्हा मला काहीतरी मऊ स्पर्शल्यासारखं वाटलं, एवढंच. खाली त्याचे दोन तुकडे पडले होते. मकोपानोनं ते घोंगडीत गुंडाळून ठाण्यावर नेले.

"पुरून टाका, म्मे," तिथला साहेब तेफो म्हणाला. आईच्या वयाच्या बाईला इकडे म्मे म्हणतात. "एका गिधाडानं डोंगर ओस पडत नाही."

चौथ्या हिवाळ्यात मोठं बर्फ पडलं. सेखोबे नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळाचा घोडा, सेरामे, माझ्या पायथ्याशीच गारठून मेला. सेखोबेनं त्याच्या तोंडातला लगाम काढला, मानेवरून हात फिरवला आणि त्याला तिथेच ठेवला. त्याचा बाप, आजा हेच करत आले होते. मेलेलं जनावर गिधाडांचं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि वाराही सुटला. गिधाडं उतरू लागली. आधी तीन, मग नऊ, मग वीसेक. मकोपानो धापा टाकत चढून आली.

"न्ताते सेखोबे, अहो बाबा, घोडा इथं का टाकलात?"

"मी टाकला? तो मेलाच इथं! आणि गिधाडांना जेवू घालणं हे पाप कधीपासून झालं गं?"

"अहो, वर बघा!"

त्यानं वर पाहिलं आणि त्याच क्षणी माझ्या पात्यानं एका गिधाडाचं डोकं उडवलं. रक्ताचे थेंब त्याच्या घोंगडीवर आले.

मकोपानोनं फोन लावला. "तेफो, चक्की थांबव. आत्ता!"

"आज काय सुरेख वारा आहे, म्मे! खाली शहरात विजेसाठी बोंब चाललीय. वरून परवानगी घेतो. दहा मिनिटं द्या."

"दहा मिनिटांत इथं नुसती पिसं उरतील रे!"

सेखोबेला राहवेना. तो घोंगडी फडकावत, ओरडत घोड्याच्या मढ्याकडे धावला. पाखरं पळून जातील, वाचतील, असं त्याला वाटलं. पण पोटभर खाल्लेलं गिधाड जड असतं. ती घाबरून कशीबशी उठली आणि सरळ माझ्या वाटेत आली. मी एकामागून एक पाच मारली. कुणाचा पंख, कुणाची आतडी. बर्फ लाल झालं. सेखोबे मेलेल्या पाखरांपाशी बसला.

"मीच मारली गं त्यांना."

"रडता काय? उठा! दार फोडा!"

माझ्या बुंध्यात एक लोखंडी दार आहे आणि आत मला थांबवायचं लाल बटण. किल्ली ठाण्यावर होती. सेखोबेनं धोंडा उचलला. हात सोलून निघाले, तरी तो कुलपावर घालत राहिला. चौथ्या घावाला कुलूप तुटलं. मकोपानोनं बटण दाबलं.

पण मला थांबायला अर्धं मिनिट लागतं. तेवढ्यात कड्यावरून दाढीवालं गिधाड आलं, त्या जातीची या भागातली एकच जोडी होती, त्यातला नर. माझ्या शेवटच्या फेऱ्यानं त्याचा पंख खांद्यापासून तोडला. तो जिवंत होता. बर्फात गोल गोल फिरत होता आणि चोचीनं तुटलेल्या पंखाची जागा शोधत होता. सेखोबेनं काठी उचलली. "माफ कर, राजा," म्हणाला आणि एका घावात त्याला सोडवलं.

कुलूप फोडल्याबद्दल तेफोनं तक्रार केली. गावसभा भरली. मकोपानोनं सातही पक्षी सभेपुढे ओळीनं मांडले. गावच्या प्रमुख बाईंनी ते एकेक करून पाहिले.

"कुलूप नवीन मिळेल," त्या म्हणाल्या. "यातलं कुठलं पाखरू तू नवीन आणून देतोस, तेफो?"

त्या दिवसापासून माझी किल्ली मकोपानोकडे आहे. मेलेली जनावरं लोक बैल जुंपून पलीकडच्या दरीत नेतात. ती ओढायला सेखोबे सगळ्यात पुढे असायचा, अगदी मरेपर्यंत. पण त्या हिवाळ्यात दाढीवाली मादी एकटी पडली. ती भक्ष्य शोधायला गेली की अंडं उघडं राही. ते गारठलं. काही दिवस ती त्यावर तशीच बसून राहिली, मग उडून गेली. ते घरटं अजून रिकामं आहे.

आता माझे दाते कुरकुरतात, रंगाचे पोपडे निघालेत. मला कुणी वर मान करून बघत नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्या डोंगरावर माझ्या बहिणी उभ्या राहतील. राहू द्या, दिवे सगळ्यांनाच हवेत. पण पहिली कुदळ मारण्याआधी तिथल्या मेंढपाळाला विचारा, या वाटेनं कोण उडतं? आणि तो सांगेल ते ऐका. वारा आला की मी फिरणारच. मला स्वतःहून थांबता येत नाही. तुम्हाला येतं.