दिराची पाटी

मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो आणि दर रविवारी सकाळी गेम कंपन्यांची बिनपाण्यानं हजामत करतो. माझ्या चॅनेलचं नाव 'तिरसट'. चाळीसेक हजार लोक ते बघतात आणि मला तिरसटराव म्हणतात. मला ते आवडतं, उगाच नाही कशाला म्हणू?

मतं माझी ठरलेली आहेत. अर्धाकच्चा गेम विकायला काढायचा आणि पहिल्याच दिवशी तासभर दुरुस्ती डाउनलोड करायला लावायची, ही फसवणूक. दहा वर्षांपूर्वीचाच गेम रंगसफेदी करून पुन्हा आपल्या गळ्यात मारायचा, हा आळस. डिस्क बंद करून आपण घेतलेला गेम कंपनीच्या मर्जीवर ठेवायचा, ही दादागिरी. आणि गेम चालला तरी तो बनवणाऱ्यांना घरी पाठवायचं, याला माझ्याकडे कॅमेऱ्यासमोर बोलण्यासारखा शब्द नाही.

तर अशा माझ्यासमोर वहिनीच्या टीमचा गेम आला. वहिनी एका छोट्या स्टुडिओत काम करते. तीन वर्षं ती नेमकं काय करत होती हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, कारण कंपनीनं तोंड बंद ठेवण्याच्या कागदावर सही घेतली होती. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आवाजाचं काहीतरी असणार.

गेममध्ये आपण प्लंबर असतो. एका भल्यामोठ्या जुन्या इमारतीत दिवे गेलेले आहेत, कुठेतरी पाइप फुटलाय, आणि भिंतींना हात लावत लावत ती जागा शोधायची. मी लावला हात. शंभर भिंतींना लावला. काही होईना. एका जिन्यापाशी तर चाळीस मिनिटं नुसता चाचपडत होतो. माझं डोकं फिरलं. मी रविवारी सांगून टाकलं, की हा गेम म्हणजे निव्वळ अंदाजपंचे कारभार आहे, दहापैकी तीन. वर हेही सांगितलं, की हा माझ्या वहिनीच्या टीमचा गेम आहे, पण घरचं म्हणून मी कुणाला सूट देत नाही. या वाक्यावर मला भरपूर टाळ्या मिळाल्या.

दोन आठवड्यांनी दादाचा फोन आला. वहिनीला वॉशिंग मशीनच्या कारखान्यात नोकरी मिळत होती आणि सोमवारी होकार कळवायचा होता. मशीन फिरताना कमीत कमी कसं हादरेल ते बघायचं काम. मला हसू आलं, पण दादा हसत नव्हता. स्टुडिओची मालक कंपनी गेमचा पहिला महिना बघून टीम ठेवायची की मोडायची ते ठरवणार होती, पण वहिनी तेवढंही थांबायला तयार नव्हती. तुझ्या तीन मार्कांचं तिला काही नाही, दादा म्हणाला. ती एवढंच म्हणते, की आयुष्यभर गेम खेळलेल्या माणसाला काहीच जाणवलं नाही, तर मी तीन वर्षं केलं काय?

शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. माफी मागायला नव्हे, समजावायला. मत हे मत असतं, मनाला लावून घ्यायचं नसतं, असं भाषण वाटेत तयार केलं होतं.

आई सोफ्यावर बसली होती. आईच्या डोळ्यांच्या मधला भाग अंधारलाय, कडेचं तेवढं दिसतं. मी तिच्यासाठी तीनदा चष्मा बनवला आणि तिन्ही वेळा हरलो, कारण त्यावर काचच नाही. आईनं डोळे मिटले होते. मांडीवर कंट्रोलर होता आणि टीव्हीवर तीच काळीकुट्ट इमारत.

मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं मला गप्प केलं. पाणी जवळ आलंय, म्हणाली. मग ती उजवीकडे वळली, चार पावलं गेली, भिंतीवर हात ठेवला, जरा थांबली आणि बटण दाबलं. भिंतीतला दरवाजा उघडला. तो तोच जिना होता, जिथं मी चाळीस मिनिटं घालवली होती.

तुला कसं कळलं, असं मी विचारलं. तिनं कंट्रोलर माझ्या हातात दिला.

माझ्या तळहाताखाली पाणी वाहत होतं. दुसरं काय म्हणू? डावीकडे बारीक, भरभर, आणि उजवीकडे जाड, सावकाश. मी पुढं सरकलो तसं ते उकळीला आलेल्या पातेल्यासारखं थरथरायला लागलं. आणि मग त्याच्या आतून वेगळंच काही आलं. तीन ठोके, थांबा, पुन्हा तीन ठोके. भिंतीपलीकडे कुणीतरी अडकलं होतं आणि ठोठावत होतं. अख्खा गेम त्या माणसाला शोधण्याचा होता, आणि मला तो माणूस आहे हेच ठाऊक नव्हतं.

माझ्या घरी माइक आणि कंट्रोलर एकाच टेबलावर असतात. कंट्रोलर थरथरला की रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते, म्हणून मी कन्सोलच्या सेटिंगमध्ये जाऊन कंपन बंद केलं होतं. सगळ्या गेमसाठी एकदमच. त्याला चार वर्षं झाली आणि मी ते साफ विसरलो. आणि वहिनीनं तीन वर्षं नेमकं हे कंपनच घडवलं होतं.

दुकानात एखादं गिऱ्हाईक तणतणत आलं की या चष्म्यातून काही दिसत नाही, तर मी आधी विचारतो, काच पुसलीत का? निम्मी गिऱ्हाइकं तिथंच गार होतात. मी तसाच गार होऊन उभा होतो. लाज वाटली, अगदी कानांच्या पाळ्या तापेपर्यंत.

वहिनी आतून आली. मी तिला सगळं सांगितलं.

"चार वर्षं?" तिनं विचारलं.

"चार वर्षं. वहिनी, मी तुमचा गेम खेळलोच नाही."

ती खुर्चीत बसली. आधी हसली, मग डोळे पुसले. "मला वाटलं, तुमच्या हाताला लागूनही तुम्हाला काही वाटलं नाही. ते जास्त लागलं हो, भाऊजी."

मग तिनंही एक कबूल केलं. गेम सुरू होताना कंपन चालू करा अशी सूचना टाकावी म्हणून टीममधले सगळे मागे लागले होते. हिनंच हट्टानं नको म्हटलं. हातात घेतलं की कळेलच की, असं तिचं म्हणणं. दोघं एकाच माळेचे मणी, आई म्हणाली.

दादाचा सल्ला होता, की गुपचूप आकडा बदलून टाक, कोण बघतंय. मी रविवारी सकाळी कंट्रोलर मांडीवर घेऊन बसलो, कंपन चालू केलं आणि 'मी चुकलो' हे नाव देऊनच रेकॉर्डिंग केलं. माइकमध्ये घरघर आली, ती येऊ दिली. चार वर्षांत मी ज्या साठ-पासष्ट गेमना मार्क दिले, ते सगळे आता संशयाचे आहेत, हेही सांगितलं. लोकांनी माझी यथेच्छ धुलाई केली. पण त्यांतल्याच तीनशेहून जास्त जणांनी लिहिलं, की त्यांनी सेटिंग तपासलं आणि त्यांचंही बंद निघालं. कुणी बॅटरी वाचवायला, कुणी शेजारी झोपलेल्या बाळासाठी, आणि मग विसरून.

सोमवारी वहिनीनं वॉशिंग मशीनवाल्यांना नकार कळवला. टीम राहील याची तेव्हा काहीच खात्री नव्हती. तिला विचारलं तर म्हणाली, हादरे कमी करायला माणसं खूप मिळतील.

महिनाअखेरीस कंपनीनं टीम ठेवली आणि पुढच्या गेमला होकार दिला. माझ्यामुळे असं मी म्हणणार नाही, पण कुणी म्हणालं तर अडवत नाही. त्याच आठवड्यात गेमला नवी दुरुस्ती आली. आता सुरुवातीला काळ्या पडद्यावर एक हात दिसतो आणि खाली ओळ येते: काही जाणवलं? नसेल, तर आधी कंपन चालू करा. स्टुडिओत सगळे या ओळीला 'दिराची पाटी' म्हणतात. ज्यांनी मला कधी पाहिलं नाही तेसुद्धा.

आईला ती वाचता येत नाही. पण पाटी आली की कंट्रोलर एकदा हलकेच थरथरतो. मग ती डोळे मिटते, तुझी पाटी आली रे, म्हणते, आणि भिंतीपलीकडच्या माणसाला शोधायला निघते.